पॉइंटमधलं कुलूप

"नेटी! ये गं, सेल्फ मारायला ये. गाडी पकडत नाहीये!"

सोमवारची सकाळ. अंडी अजून तव्यावर होती. नेटीचा नवरा ओरेस्ट अंगणातून हाक मारत होता. हाक येणार हे तिला शनिवारपासून माहीत होतं. गाडी का पकडत नाही हेही माहीत होतं, कारण ती तिनेच बंद पाडली होती.

तिने शेगडी बंद केली, स्वेटरवर नवऱ्याचंच जुनं जाकीट चढवलं आणि बाहेर आली. ऑक्टोबर अर्धा सरला होता. कापणी उरकलेली, चहूकडे गव्हाची नुसती खुंटं. घर आणि धान्याच्या कोठ्या यांच्यामध्ये तो लाल ट्रक बॉनेट उघडून उभा होता. सहासष्ट साली घेतला तेव्हा त्यांचा एकुलता एक मायरन रांगत होता. आता मायरन बेचाळीस वर्षांचा, सास्काटून शहरात नोकरीला. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन सहा वर्षं झाली होती, पण ट्रकला ओरेस्टने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"किल्ली तुझी हरवलेलीच आहे, ही माझी घे," ओरेस्ट म्हणाला. "आणि ते जाकीट माझं आहे."

"घरातलं सगळंच तुझं आहे, म्हाताऱ्या. भांडी घासायला मात्र कधी सापडत नाहीस."

ती वर चढून सीटवर बसली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं हे काम तिचं होतं. तो बॉनेटखाली, ती किल्लीवर. तो ओरडायचा "मार!" की तिने सेल्फ मारायचा, तो ओरडायचा "बस!" की सोडायचा. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं या दोन शब्दांतच झालं असेल, आणि खरं सांगायचं तर कटकट उरलेल्या निम्म्यातच जास्त होती.

आता तिने असं का केलं ते सांगायला हवं, नाहीतर बाईला उगाच दोष लागायचा.

गेल्या गुरुवारी ओरेस्ट वेल्डिंगच्या कांड्या आणतो म्हणून गावात गेला. पंधरा मिनिटांचा रस्ता. संध्याकाळी पाचला शेजारचा लॉर्नी चेपिल त्याला पुढे घालून घरी घेऊन आला. लॉर्नी एरवी तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी टोपी हातात धरून पायरीवरच घुटमळला.

"काकू, कसं सांगू? हे मोठ्या रस्त्याच्या चौकात थांबलेच नाहीत. माझ्या ट्रेलरमध्ये चाळीस टन गहू होता. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणून मागोमाग गेलो, तर पोपलर ग्रोव्हच्या शाळेसमोर इंजिन चालूच ठेवून बसलेले. विचारलं, काका, काय चाललंय? म्हणाले, मायरन सुटायचाय."

पोपलर ग्रोव्हची शाळा बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

शुक्रवारी सकाळी ओरेस्टला यातलं काही आठवत नव्हतं. कांड्या आणायच्या राहिल्यात, हे मात्र आठवत होतं. डॉक्टरांकडे सप्टेंबरातच जाऊन आले होते. डॉक्टरांनी स्मरण तपासायला म्हणून कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर याने नीट काटे काढलेच, वर आपल्या इंजिनाचे सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात तेही म्हणून दाखवलं: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. डॉक्टर खूश. "सहा महिन्यांनी या," म्हणाले.

मोटार मायरनने ऑगस्टातच "ब्रेक बघून आणतो" म्हणून नेली होती आणि ती आणायचं सोयीस्करपणे विसरला होता. राहिला ट्रक. त्याची किल्ली लपवून भागत नव्हतं. नेटीने शुक्रवारी ती पिठाच्या डब्यात टाकली, तर या बहाद्दराने दोन वायरी जोडून दहा मिनिटांत गाडी सुरू केली, मग शेडमधून दुसरी किल्ली शोधून काढली आणि उलट तिलाच म्हणाला, "किल्ली हरवलीस वाटतं, म्हातारे. आता तुझं वय झालं." मायरन फोनवर म्हणाला, "आई, मी येऊन ट्रकच घेऊन जातो." नेटी त्याच्यावर खेकसली, "आणि सकाळी उठून तो करेल काय? माझं तोंड बघेल?"

मग तिला कुलूप आठवलं.

पूर्वी कापणीच्या दिवसांत ट्रक शेतातच उभे राहायचे, किल्ल्या आतच, आणि गावातली टारगट मंडळी ते पळवून पेट्रोल संपेस्तोवर हुंदडायची. त्यावर ओरेस्टची एक युक्ती होती. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीचं झाकण काढलं की आत पॉइंट दिसतात, धातूची दोन इवलीशी टोकं, एकमेकांना टेकणारी आणि सुटणारी. त्या टेकण्यासुटण्यावरच ठिणगी पडते. त्या दोहोंच्या मध्ये तो आगकाड्यांच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा सरकवायचा आणि झाकण परत लावायचा. मग सेल्फ कितीही मारा, ठिणगी म्हणून पडायची नाही. याला तो कुलूप घालणं म्हणायचा. "कुलूप घातलंस?" असं नेटी रोज विचारायची आणि तो "घातलं" म्हणाला की जेवायला वाढायची.

शनिवारी तो टबात बसून मोठमोठ्याने गात होता तेव्हा नेटीने कुलूप घातलं. उंची कमी, म्हणून दुधाच्या क्रेटवर उभी राहून. बॉनेटखाली तिने कधीच हात घातला नव्हता, पण बघून बघून हातांना सगळं ठाऊक होतं. तो न्हाणीतून बाहेर येईपर्यंत ती परत बटाटे सोलत होती.

"मार!" ओरेस्ट ओरडला.

तिने सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं.

"बस! प्लगला ठिणगी नाही."

बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून तिला त्याची टोपी दिसत होती आणि हात दिसत होते. हातांना अजून काही झालं नव्हतं. त्याने ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची मधली जाड वायर उपटली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं.

"मार! ... बस! कॉइलमधूनच येत नाही. म्हणजे झाकण, रोटर, प्लगच्या वायरी, सगळे निर्दोष सुटले."

मग त्याने तपासणीचा दिवा काढला, पेनाएवढा, शेपटीला चिमटा असलेला. कॉइलच्या एका बाजूला लावला. दिवा लागला. "इथवर वीज पोचतेय," तो स्वतःशीच म्हणाला. दिवा दुसऱ्या बाजूला लावला. तिथेही लागला.

"मार!"

नेटीने सेल्फ मारला आणि श्वास रोखून फटीतून बघत राहिली. इंजिन फिरताना इथला दिवा लुकलुकायला हवा. लुकलुकला नाही, नुसता जळत राहिला, तर पॉइंट टेकतच नाहीयेत. हे ओरेस्टने तिला, मायरनला, लॉर्नीच्या बापाला आणि ज्याने विचारलं नव्हतं अशा प्रत्येकाला शंभरदा सांगितलं होतं. दिवा नुसता जळत होता. आता सापडणार, नेटीला वाटलं.

ओरेस्टने दिव्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कॉइल गेली असणार," तो म्हणाला.

नेटीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लगेच लाज वाटली. पूर्वी हा माणूस दुसऱ्याच्या शेतातून जाताना नुसता आवाज ऐकून थांबायचा आणि सांगायचा, तुझा तिसरा प्लग बघ. आज दिवा त्याच्या तोंडासमोर जळून सांगत होता आणि याला ऐकू येत नव्हतं.

कॉइल बदलण्यात तास गेला. शेडमध्ये जुनी कॉइल सापडली, पण नट दोनदा खाली पडला आणि दोन्ही वेळा त्याने युक्रेनियनमध्ये अशा शिव्या हासडल्या की कोठीवरची कबुतरं उडाली. ती कॉइल बसली. ठिणगी नाही. मग त्याने बॅटरीची तोंडं घासली. मग सगळे सहा प्लग काढून पुसले. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार म्हणत वायरी परत लावल्या, एकही चुकली नाही. ठिणगी नाही.

दुपारी जेवायला बसले. बीटाचं सार, म्हणजे बोर्श, काल उरलेल्या कोबीच्या भरल्या गुंडाळ्या, राय धान्याचा काळा पाव. ओरेस्ट चमचा हातात धरून भिंतीकडे बघत होता.

"कॉइल बघितली का गं आपण?"

"बदललीस की सकाळी."

"हं. बदलली." चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "बिघाड एरवी काही साधाच असतो बघ. आपण मोठं शोधत बसतो."

"जेव आधी. निवतंय."

सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण मग तिला चौक दिसला, चाळीस टन गहू दिसला, ब्रेकवर उभा राहिलेला लॉर्नी दिसला. तिने त्याच्या ताटलीत सायीचा आणखी एक चमचा घातला.

जेवण झाल्यावर तो परत बाहेर गेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीच प्लगची वायर. तोच शब्दन्‌शब्द. "प्लगला ठिणगी नाही... कॉइलमधूनच येत नाही... झाकण, रोटर, वायरी, सगळे निर्दोष." सकाळी हे सगळं झालंय हे तेवढ्यापुरतं त्याच्या गावीही नव्हतं. नेटी किल्लीवर हात ठेवून बसली होती. हा हरावा असं तिला वाटत होतं आणि हा हरतोय हे तिच्याने बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि दोन्हीचा तिला राग येत होता.

दिवा परत कॉइलच्या दुसऱ्या बाजूला लागला.

"मार!"

इंजिन फिरत राहिलं. "बस" आलंच नाही.

"अगं," ओरेस्ट हळूच म्हणाला, "हा लुकलुकत नाहीये."

"नाही," नेटीच्या तोंडून निसटलं.

"तुला तिथून दिसतोय?"

"दिसतोय."

"मग बोलायला काय होतं? तोंडात बोर्श आहे का अजून? पॉइंट! पॉइंट टेकतच नाहीयेत! ओरेस्ट, गाढवा, दिवसभर कॉइल काय चाटत बसलायस!" त्याने टोपी काढून मडगार्डवर आपटली आणि जागच्या जागी नाचला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, आणि नाचतोय. नेटी हसत सुटली. तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या. कुलूप कुणी घातलंय हे त्या घटकेला ती पार विसरली होती, इतका तिला आनंद झाला.

झाकणाचे दोन्ही चाप उघडल्याचा आवाज आला, टक, टक. आतला फिरता रोटर निघाला. मग काहीच आवाज येईना.

ती किल्ली काढून घेऊन खाली उतरली आणि पुढे गेली. ओरेस्टच्या तळहातावर पुठ्ठ्याचा तुकडा होता, लाल, एका कडेला सोनेरी रेघ असलेला. गावातलं हॉटेल केव्हाच बंद झालं, पण ते गिऱ्हाइकांना वाटायचे ती आगकाड्यांची पाकिटं शेडमधल्या डब्यात अजून होती.

"कुलूप," तो म्हणाला.

"हो."

"मीच घातलं असणार." त्याने तुकडा उलटा करून बघितला. "कधी घातलं गं? मला आठवत नाही. जरासुद्धा नाही."

तो पुढच्या बंपरवर बसला.

"किल्ली लपवतेस ते मला कळत नव्हतं असं नाही. वाटायचं, ही उगाच घाबरते. माणूस किल्ली विसरतो, नाव विसरतो. पण हे मी माझ्या हाताने केलं आणि मला पत्ता नाही. आपणच दडवलेलं दिवसभर शोधत बसलो." त्याने तिच्या हातातल्या किल्लीकडे बोट केलं. "ठेवून घे. मायरनला सांग, ट्रक घेऊन जा म्हणावं. मी संपलो, नेटी."

तिला हवं होतं ते हातात आलं होतं. मूठ मिटायची, घरात जायचं, मायरनला फोन करायचा, बस. पण गुरुवारी तो जे विसरला ते खरं होतं, आणि हे खोटं होतं. नवरा न विसरलेल्या गोष्टीसाठी स्वतःला मोडीत काढत होता आणि हे तिने केलेलं होतं.

"मी घातलं," ती म्हणाली.

"काय?"

"कुलूप. शनिवारी. तू टबात होतास तेव्हा मी घातलं."

ओरेस्टने तिच्याकडे बघितलं आणि तो हसला. त्या हसण्याने तिला जास्त लागलं. "तू? तुला झाकण कुठून उघडतात ते तरी माहितीय का? चर्चच्या कोठीची किल्ली मी हरवली तेव्हाही तू फादरना हेच म्हणालीस, माझ्याकडून हरवली. नेहमीचं आहे तुझं." त्याने तिचा हात थोपटला. "राहू दे. आता झाकून काय होणार?"

"अरे, खरंच मी!"

"बरं, बरं. तू."

नेटीचं डोकं फिरलं. तिने दुधाचा क्रेट पायाने सरकवला, वर चढली, त्याच्या हातातून तुकडा हिसकावला. स्क्रूड्रायव्हरने एक पॉइंट उचलला, तुकडा मध्ये सरकवला. रोटर खाचेत बसवला. झाकण ठेवलं. टक, टक. खाली बघितलंसुद्धा नाही, सगळा वेळ ती त्याच्याचकडे बघत होती.

ओरेस्टचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कुणी शिकवलं तुला?"

"एक्कावन्न वर्षं किल्लीपाशी कोण बसलं होतं? समोर दुसरं बघायला काय होतं मला, सिनेमा?"

"म्हणजे मी नव्हतो विसरलो," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर रंग आला. तो उठून उभा राहिला. "मी विसरलोच नव्हतो! माझं डोकं ठीक आहे!" आणि लगेच भडकला. "मग घातलंसच कशाला? सकाळपासून मला माकडासारखा नाचवते आहेस!"

तेव्हा तिने सांगितलं. सगळं सांगितलं, काही मऊ केलं नाही. चौक, गहू, ब्रेक, शाळा, चालू इंजिन. ओरेस्ट मान खाली घालून ऐकत होता.

"मग सुटला का मायरन?" त्याने विचारलं.

नेटीने मडगार्डवरची त्याची टोपी उचलून झटकली.

"नाही, नाही," तोच म्हणाला. "मायरन सास्काटूनला असतो." मग त्याने विचारलं, "लॉर्नीला मुलं किती?"

"तीन."

त्याने मान हलवली. इंजिनाजवळ जाऊन झाकणाचे चाप दाबून बघितले. "चांगलं घातलंयस. घट्ट."

"काढू?"

"नको." तो इंजिनकडे बघत राहिला. "मायरनला फोन करू नकोस. ट्रक इथेच राहू दे. कुलूप घालून राहू दे. उद्या मी हे सगळं विसरलेलो असेन. मग तुला हाक मारीन. सांगू नकोस मला. शोधू दे. तू नुसता सेल्फ मार."

"आणि सापडलं तर?"

"सापडलं तर मी आंघोळीला गेलो की परत घाल."

"आणि पुन्हा मीच घातलं, मी संपलो, म्हणून बंपरवर बसलास तर? मी रोज क्रेटवर चढून खेळ करून दाखवू?"

ओरेस्टने विचार केला. मग चाप उघडले, रोटर काढला, तुकडा बाहेर घेतला. नेटीने जाकिटाच्या खिशातली पेन्सिल पुढे केली.

"पेन्सिल नको, म्हातारे. शिशातून वीज पळते. घरातून पेन आण."

तिने पेन आणलं. मडगार्डवर तुकडा ठेवून, जीभ बाहेर काढून, त्याने बारीक अक्षरांत लिहिलं: नेटी. तेवढंच मावलं. अक्षर त्याचंच होतं, म्हणजे उद्या सापडलं तर त्याने विश्वास ठेवायला हरकत नव्हती. शाई वाळेपर्यंत तो त्यावर फुंकर घालत राहिला, आणि मग त्याने स्वतःच्या हाताने कुलूप घातलं.

त्या रात्री नेटीला झोप लागली नाही. ओरेस्ट घोरत होता.

मंगळवारी सकाळी अंडी तव्यावर असताना हाक आली. "नेटी! ये गं, सेल्फ मारायला ये. गाडी पकडत नाहीये!"

तिने शेगडी बंद केली, जाकीट घातलं, सीटवर चढली. प्लगला ठिणगी नव्हती. कॉइलमधून येत नव्हती. झाकण, रोटर, वायरी, सगळे निर्दोष सुटले. मग दिवा निघाला. कॉइलच्या एका बाजूला लागला, दुसऱ्या बाजूलाही लागला.

"मार!"

तिने सेल्फ मारला. दिवा नुसता जळत होता. ओरेस्ट त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. हा खरंच विसरलाय की आपल्यासाठी विसरल्यासारखं करतोय, हे तिला फटीतून कळेना, कारण टोपीखालचा चेहरा दिसत नव्हता.

"बस!" तो म्हणाला. "कॉइल गेली असणार."

"असेल," नेटी म्हणाली, आणि किल्लीवर हात ठेवून बसून राहिली.